रुईचा काढा

३ फेब्रुवारी, परंडा

फ्लेक्स अजून स्टँडसमोर आहे! 'ब्रेन ट्यूमरवर औषध शोधणारी परंड्याची लेक — कु. महेश्वरी हिचे हार्दिक अभिनंदन.' खाली काकांचा फोटो, माझ्याहून मोठा. औषध कुठलं आलंय! रुईच्या पानांचा अर्क — प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या ट्यूमरच्या पेशी मेल्या त्यानं. बशीत त्या ॲसिडनंही मरतात. किती वेळा सांगितलं काकांना. आणि आता ट्यूमर माझ्याच डोक्यात, कपाळामागं. हसावं की रडावं!

५ फेब्रुवारी

सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला १७ तारीख दिलीय. गाठ काढता येईल म्हणाले, पण आता थांबू नका — डोळ्याच्या नसेवर दाब येतोय. वास तर मला कधीचाच येत नाही.

काकांनी परस्पर फोन करून सांगून टाकलं, "येत न्हाय आमी." मग माझ्याकडं वळून — "कवटी कशापायी फोडायची? तुझंच औषध हाय की!"

बाबा गेल्यावर यांनीच मला शिकवलं. आवाज चढवायची सोय नाही.

६ फेब्रुवारी

चढवलाच! काकांनी पोतं भरून रुई आणली. विष आहे ते, हृदय बंद पडतं, ओरडले मी. तर म्हणतात, "महादेवाला वाहतो आपण ती. इख त्येनंच पचवलं न्हाय का?" आई चुलीपाशी गप्प. एक शब्द नाही! काकांपेक्षा तिचाच राग आला.

७ फेब्रुवारी

प्यायले. पेला रिकामा होईस्तोवर काका समोरून हलत नाहीत. कडूजहर.

१० फेब्रुवारी

फिट येते म्हणून एकटीला दाराबाहेर सोडत नाहीत. फोन काकांच्या खिशात — "आराम कर तू." शेजारच्या गजराबाई आजारी भावासाठी काढा मागायला आल्या. देऊ नका त्यांना, म्हटलं. "आपल्यापुरतंच ठिवा मंग!" म्हणून फणकारत गेल्या.

उलटी नाही, चक्कर नाही, नाडी ठीक. कसं काय? रोज वाटतं, आज काहीतरी होणार. डाव्या डोळ्याला खिडकीचे गज पुसट दिसायला लागलेत. मला भीती वाटते. खूप.

१३ फेब्रुवारी

आईशी बोलणं बंद केलंय. काढा तीच करते, तीच आणून देते, नजर चुकवत. माझी आई!

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

काका दिवसभर देवळात. आई आली ती पेला नाही, पिशवी घेऊन. वर माझे एमआरआयचे फोटो.

"ऊठ. कुर्डुवाडीची गाडी लागलीय, तिथनं सोलापूर. गजराबाईच्या फोनवरनं दवाखान्यात कळवलंय, येतोय म्हणून."

"आणि इतके दिवस पाजलंस ते?"

"कडुनिंब उकळत हुते. तुला वास कुठं येतोय? रुई समदी उकिरड्यात हाय."

गाडीत लिहितेय. आई शेजारी बसलीय, पिशवी मांडीवर. आताही गप्पच आहे.