डाव्या दाराचा पोचा

प्रिय मनोहर,

अन् वरून तुहे दोस्त मलेच विचारते, बाई, गलती काय झाली! आता मी त्याईले काय सांगू? तू कोणाले काही सांगून गेला असता तर ही वेळ आली असती का? मरता मरता भाऊ बहिणीशी दोन शब्द बोलून जाते. तू पाणी मागितलं, अन् मी गिलास भरून आणेपर्यंतही थांबला नाही. एवढी कसली घाई होती रे तुले? हातातली पत्र्याची गाडी तर अर्धीच होती.

मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई. माह्या अक्षराले हसू नको. पत्र लिहायची हौस नाही मले. पण घरात बोलाले कोणी उरलं नाही, शेजारणीले हे सांगता येत नाही, अन् पोराईचा तान्हा पोळा तोंडावर आला. म्हणून लिहून राह्यली. नीट वाच.

तुह्या त्या तिघाईनं डाव्या दाराचा पोचा ठोकून सरळ केला.

कळलं का? पार सपाट करून टाकला. बोट फिरवलं तर कुठं लागत नाही.

झालं असं, की तू गेल्यावर कोणी फिरकलं नाही. मले वाटलं, चला, ओसरी मोकळी झाली. मग एका आइतवारी डोमाजी सुतार दारात उभा. म्हणाला, "बाई, मनोहरची गाडी अर्धी ठेवता येत नाही. यंदाच्या तान्ह्या पोळ्यात ती निघाली पाहिजे." मी म्हटलं, ने तुह्या घरी, कर पुरी. तो म्हणाला, जिथं मांडली तिथंच होईल, घर बदललं का हात बदलते. असं कुठं असते का? तरी ओसरी झाडून दिली.

पुन्हा तसेच बसले तिघं. डोमाजी त्याच्या पाटावर. रहीमभाई, मोटार स्टँडवर बसगाड्यांवर नावं रंगवते तो, त्याच्या डब्या मांडून. अन् तिवारी कंपाउंडर, खिसे भरून. सुईच्या औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं गाडीच्या चाकांना, अन् धुऊन पांढरी केलेली एक्स-रेची फिल्म समोरच्या काचेले. माप तेच, काडीपेटीची एक काडी म्हणजे खऱ्या मोटारीचा एक हात. तुही जागा तेवढी रिकामी ठेवली. पोतं अंथरून. मी चहा आणला तर चार कप आणला. चौथा रहीमभाईनं पिऊन टाकला.

किती बोलली मी तुम्हांले, आठवते? केस पिकले अन् खेळणे खेळता म्हणून. साऱ्या घरात खिळे, पत्र्याचे काप, रंगाचा वास. तेलाचा डबा रिकामा व्हायच्या आधीच तू त्याच्यावर रेघा मारून ठेवे. अन् बोलणं तरी काय तुमचं? तासभर एका बंपरवर! ह्या साली बंपर सरळ होता का वाकडा होता. दाराची कडी पुढं वळते का मागं. त्यापायी तुम्ही पावसात स्टँडवर जाऊन आले, कोणाच्या तरी मोटारीची कडी पाहाले, अन् ओले होऊन परत भांडत बसले. एकदा तुह्या गाडीचा मागचा भाग जरा फुगला, तर तिवारी म्हणे, "मनोहर भैया, इसका तो पेट निकल आया. मालिक पे गई है." मी आतमध्ये चुलीपाशी हसली. तुम्हांले दिसू दिलं नाही.

अन् तान्ह्या पोळ्याले तर मले लाज यायची. सारे पोरंसोरं लाकडाचे नंदी सजवून रांगेत उभे, अन् त्याईच्या शेवटी तुम्ही चार बाप्ये, एकेक मोटार दोरीले बांधून! एका पोरानं विचारलं, काका, तुमच्या बैलाले शिंगं कुठं? रहीमभाई म्हणे, "बेटा, ये पेट्रोल पीता है, इसलिए सींग नहीं निकले." सारी गल्ली हसली. मी पदर तोंडावर घेऊन घरात गेली.

तुमचा तो खेळही मले माहीत होता. ज्यानं गाडी बनवली त्यानं सांगायचं नाही की ही कोणाची. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाकीच्याईनं ओळखायचं. ही बैहरच्या डॉक्टराची, कारण मागच्या काचेले चीर. ही खदानीच्या साहेबाची, कारण एक दिवा आंधळा. जशी गाडी तशीच पाहिजे, तिचे सारे डाग घेऊन. हाच तर तुमचा धरम होता ना? मग त्याईनं माहा पोचा काहून काढला?

कारण त्याईले वाटलं, तू ओसरीवरून कोसळला तेव्हा गाडी हातातून पडली, तेव्हा दार चेपलं. तुह्या मरणाची खूण तुह्या गाडीवर नको. डोमाजीनं आतून लाकडाचा ठोकळा लावला, बाहेरून हळूहळू ठोकलं. लेकराले थापटते तसं. मी चहा घेऊन बाहेर आली तर तिघं खुश होऊन मले दाखवून राह्यले.

माह्या हातातला चहा तिथंच सांडला. मी काय काय बोलली ते लिहीत नाही. चालते व्हा म्हटलं. पुन्हा तोंड दाखवू नका म्हटलं. तिवारी उठला, चपला हातातच घेऊन गेला. डोमाजीनं गाडी फडक्यात गुंडाळून पोत्यावर ठेवली. रहीमभाई जाता जाता म्हणाला, "बाई, गलती क्या हुई, वो तो बता दो." मी दार लावून घेतलं.

तेव्हापासून कोणी आलं नाही. बाजारात डोमाजी दिसला, तो बाजूच्या गल्लीत वळला. आइतवार आला की मी ओसरी झाडते. मग तिथंच बसते. पत्र्यावर हातोडी वाजत नाही, बंपरवरून भांडण नाही. मनोहर, हे घर मले खाऊन राह्यलं. दोघांचा भात टाकते अन् एकटी त्याच्याकडं पाहत बसते. कोणाशी तरी भांडलं असतं, तर तेही कोणी नाही.

मले तर तो पोचा तू जिता असतानाच दिसला होता. फळी पुसाले गेली तर तुही ती अर्धी गाडी, काळी, अन् डाव्या दारावर खोल दाबलेलं. मी तिथंच थिजली. तू माह्याकडं पाठ करून कानस घासून राह्यला होता. मी विचारलं, ही तुह्या मालकाची, शेठची ना? तू घासतच राह्यला. तुह्यं असंच. हौ म्हणायचं असलं का गप्प. तोंड उघडायचं ते फक्त नाही म्हणायसाठी.

त्या दिवशीही तू एकच शब्द बोलला होता. खैरलांजीले सासरच्या त्या घरात मी महिनाभराच्या मारानं अंथरुणावर होती. तू शेठची काळी मोटार मागून आणली, मले उचलून पुढच्या सीटवर बसवलं, अन् कोणाले काही न विचारता चालू केली. माहा नवरा काठी घेऊन धावत आला. काठी माह्यासाठी होती, दारावर बसली. तो आवाज मले अजून ऐकू येते. वाटेत मी तुले विचारलं, बाबा मले परत पाठवतील का रे? तू समोर पाहत म्हणाला, "नाही." बस. घर येईपर्यंत दुसरा शब्द नाही. शेठले तू सांगितलं की बैलबंडीले धडकली, अन् त्याच्या शिव्या खाल्ल्या.

पण बाबांनी गावाले काय सांगितलं? जावई वारला. माह्या कपाळाचं कुंकू त्याईनंच पुसाले लावलं, तो तिकडं जिता असताना! म्हणाले, टाकलेली म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं. आपल्या जातवाल्याईले खरं ठाऊक असल, तोंडावर कोणी बोललं नाही. पण ह्या तिघाईनं मले विधवाच मानलं. माह्या समोर कधी लग्नाची गोष्ट काढली नाही, त्याईच्या घरून संक्रांतीले वाण आलं नाही, माह्या दुःखाले जपत राह्यले. कोणत्या दुःखाले? त्याईले आता सांगू की वीस वरसं मी तुम्हांले फसवत आली?

अन् सांगितल्याबिगर पोचा कसा येईल?

मी स्वतः करून पाह्यला. खोटं नाही सांगत. फडकं सोडलं, गाडी मांडीवर घेतली, लाटणं उचललं. एक ठोका मारायचा होता फक्त. हात वर गेला अन् मले तो दिसला, मोटारीमागं धावणारा. माह्याच हातात त्याची काठी. मी लाटणं फेकलं. गाडी पोटाशी धरून किती वेळ बसली कोण जाणे.

खरं सांग, तू ही गाडी कोणासाठी बनवून राह्यला होता? तान्ह्या पोळ्याले तिघाईनं विचारलं असतं, कोणाची, तर तू काय सांगितलं असतं? शेठची म्हणून सोडून दिलं असतं? का पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला असता की ही माह्या बहिणीची गाडी? मले न विचारता? तेवढं विचारायचं होतं रे. मी भांडली असती, रडली असती, पण विचारायचं होतं.

सपाट दाराची ती गाडी मी रांगेत उभी करणार नाही. ती कोणाचीच नाही. तशी गाडी बाजारात पुष्कळ मिळते. अन् पोचा पाडायचा तर तो डोमाजीच्या हातानं, रहीमभाई अन् तिवारीच्या समोर, अन् मले तोंडानं सांगावं लागन की काठी कोणी मारली, अन् तो मेला नाही. मग ते पुन्हा येतील का माह्या ओसरीवर? का म्हणतील, ही बाई एवढी वरसं पांढऱ्या कपाळानं खोटं बोलली? ते गेले तर माह्यापाशी काहीच उरत नाही, मनोहर. तू नाही, अन् तुही माणसंही नाही.

पण मी तुले वचन देते. तुही गाडी पोत्यावर पडून राहणार नाही. पोरं हसली तरी हसू दे. दोरी मीच धरीन, पोराईच्या नंदीच्या रांगेत, पदर तोंडावर न घेता.

सपनात येते तेव्हा तू नुसता पाठ करून कानस घासते. तसं चालणार नाही ह्या वेळी. मोठ्या पोळ्याच्या दिवशी, तान्ह्याच्या आदल्या दिवशी, बैल घराकडं वळेपर्यंत मी वाट पाहते. तोपर्यंत तुले नाही म्हणायचं असल तर तोंड उघड अन् म्हण. गप्प राह्यला तर मी त्याच सांजेले डोमाजीच्या घरी जाते, गाडी अन् लाटणं घेऊन, सारं खरं सांगाले. मग मले बोल लावायचा नाही. पोळ्याची सांज, मनोहर. त्याच्या आत सांग.

तुही बहीण,
कौसल्याबाई
बालाघाट