चाळीस चादरी, चार थर

१२ एप्रिल, सकाळ
वैदेहीचं लग्न ११ मेला. निर्णय पक्का: मंगलाष्टकं मी स्वतः रचणार, स्वतः गाणार, घरीच रेकॉर्ड करणार आणि मुहूर्ताला कार्यालयाच्या स्पीकरवर लावणार. समोर उभं राहून गाण्यात धोका आहे. ऐन वेळी बापाचा गळा भरून येतो, सूर हलतो. रेकॉर्डिंगचा गळा भरून येत नाही. मुलीला सांगितलं. म्हणाली, बाबा, गुरुजी म्हणतीलच की, तुम्ही कशाला त्रास घेताय. किती काळजी करते माझी.

१३ एप्रिल
पाच कडवी तयार. सुरुवातच अशी: ‘वैदेही निघते वधू सजुनिया सोडूनि सोलापुरा’. वृत्तात चोख. ऑफिसात हेडक्लार्क असलो तरी मात्रा चुकत नाही.
मोबाईलवर गाऊन ऐकलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा, शिवाय मधूनमधून घसरतो. इंटरनेटवर दोन तास अभ्यास. निदान: खोली. दहा बाय अकराची बेडरूम, गुळगुळीत भिंती. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि येताना बिघडतो. टाळी वाजवून पाहिली. घुमली. आणखी सात-आठ वाजवल्या. स्वयंपाकघरातून बायकोनं, अनसूयेनं, विचारलं, आरती संपली की प्रसाद देणार आहात का.

१४ एप्रिल
पाण्याचा दिवस. अख्ख्या जुळे सोलापुरातल्या मोटारी एकदम सुरू. रेकॉर्डिंग अशक्य. बादल्या भरल्या.

१६ एप्रिल
खोलीला अंड्यांचे ट्रे लावायचे. इंटरनेटवर शंभर जण सांगतात. आमच्या घराण्यात अंडं आलेलं नाही, पण ट्रे म्हणजे अंडं नव्हे. हेल्मेट न काढता खरेदी केली. जिन्यात कल्लप्पा भेटले. आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहतात, मूळचे मैंदर्गीचे. ट्रेंच्या चवडीकडे बघून म्हणाले, जावई लई खाणारा दिसतोय की, साहेब. संध्याकाळपर्यंत सोसायटीत सगळ्यांना कळलं.

१७ एप्रिल
ट्रे चिकटवले. टाळी वाजवली. घुमली. ट्रे सुचवणारा इंटरनेटवरचा लेख आता शेवटपर्यंत वाचला. शेवटी लिहिलंय, ट्रेंनी विशेष फरक पडत नाही, जाड कापड लावावं. हे वर लिहायला काय होत होतं?

२० एप्रिल
जाड कापड. सोलापुरात राहून हे मला इंटरनेटनं सांगावं लागलं. व्याह्यांकडच्या मंडळींना आहेरात द्यायच्या चाळीस चादरी दिवाणात पडून आहेत. अनसूया पत्रिका द्यायला अक्कलकोटला, परवा येणार. योग जुळून आला.
चाळीसच्या चाळीस लावल्या. चार थर, प्रत्येक कोपऱ्यात एक लांब खिळा, चारही चादरींतून आरपार. खिडकी आणि दारही झाकलं. टाळी वाजवली. जागच्या जागी मेली. आता या खोलीतून आवाज बाहेर जाणं शक्यच नाही. सोसायटीचा प्रश्न मिटला. उद्यापासून पहाटे पाचला मोकळ्या गळ्यानं रियाज.

२२ एप्रिल
अनसूया आली. दारात उभी राहून भिंती बघितल्या. एकच शब्द म्हणाली: भोकं. मी समजावलं की चादर पांघरली की कोपरे पायाखाली जातात, कोण बघतंय. नंतर ती दिवसभर काही बोलली नाही. चादरींमुळे घर किती शांत होतं त्याचा हा पुरावा.

२६ एप्रिल
रियाज जोरात. पंखा घरघरतो म्हणून बंद. बाहेर त्रेचाळीस, आत चादरी. घामानं वहीतलं दुसरं कडवं पुसलं गेलं, पण पाठ आहे.
जिन्यात कल्लप्पांच्या पत्नी राजाबाई भेटल्या. विचारत होत्या, तिसरं कडवं आज बदललाव काय. अनसूयेनं वही दाखवलेली दिसते. घरात काही गुप्त राहत नाही.

३ मे
अंतिम रेकॉर्डिंग. अकराव्यांदा मनासारखं झालं. मग हेडफोन लावून ऐकलं. घुमणं नाही. मोटार नाही. पंखा नाही. फक्त मी.
सहा वेळा ऐकलं. खोलीत आता कसलाही दोष उरलेला नाही.
जेवलो नाही. उकाड्यानं.

४ मे
वैदेहीला ऐकवलं. खाली बघत पूर्ण ऐकलं. म्हणाली, बाबा, शब्द फार छान आहेत. सुरांचं विचारलं. म्हणाली, शब्द खरंच फार छान आहेत. मग माझा हात धरून म्हणाली, कार्यालयातले स्पीकर खराब असतात, नको लावूया. ते कार्यालय मी स्वतः बघून ठरवलंय. स्पीकर नवे आहेत.
बरं, म्हणालो.

५ मे
चादरी उतरवल्या. अनसूयेनं एकेक कोपरा दाताखाली दोरा धरून शिवला. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाली.

११ मे, संध्याकाळ
लग्न लागलं.
गुरुजींची मंगलाष्टकं झाली. त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, आणखी कुणाला म्हणायची आहेत का. मी पुढे झालो. तोंड उघडलं. अंतरपाटापलीकडे वैदेहीची हार धरलेली बोटं दिसली आणि गळ्यातून काहीच निघेना. सगळे वाट बघत होते. अनसूयेनं मान खाली घातली.
तेवढ्यात मागून राजाबाईंनी सुरू केलं. ‘वैदेही निघते वधू सजुनिया’. पाचही कडवी. तिसरं जुनंच, बदलण्याआधीचं. वैदेही रडली. मी तर आधीपासूनच.
नंतर अनसूयेनं विचारलं तर राजाबाई म्हणाल्या, रोज पहाटे पाचला वरनं ऐकू येतंय की, वैनी. न्हाय म्हटलं तरी पाठ होतंय. आमी फक्त चाल जरा सरळ केली.
व्याह्यांनी चादर उलगडून कोपऱ्यातली शिवण निरखली. हे काय म्हणून विचारलं. अनसूयेनं माझ्याकडे बोट दाखवलं.
गाडीत बसताना वैदेहीनं कुणाच्या तरी मोबाईलवर निघालेलं रेकॉर्डिंग मागून घेतलं. राजाबाईंचं.

१२ मे
शांतपणे विचार केला. वरून निघाला तेव्हा आवाज बेसूर. खाली पोचला तेव्हा सुरात. मधे फक्त स्लॅब. म्हणजे दोष खोलीतच होता, हे सिद्ध झालं. अनसूयेला हे सविस्तर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुट्टीचा डबा हातात दिला. भिंतीत चाळीस भोकं आहेत.
सतरा बुजवली. वैदेहीची खोली होती ती. टाळी वाजवून पाहिली. फार घुमते.