बाळाच्या टबातली कोळंबी

मावशी, पाया पडते. काल रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे अक्षर वाकडंतिकडं आहे असं कानावर आलं तर पोरीने शाळा सोडली म्हणून असं झालं, असं तुला वाटायला नको. ठमीला दात येतायत म्हणून जागी होते असंही नाही. ठमी मेली कुंभकर्णासारखी झोपली होती. मी जागी होते कारण तिच्या अंघोळीच्या टबात चिखल भरलाय, आणि त्या चिखलात एक कोळंबी आहे. निदान असावी. तोच तर घोर आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेलं तेल लावतेस की फडताळात ठेवून नुसतं बघतेस? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, आणि हे मी रीत म्हणून लिहीत नाही. ह्यांचं काम बरं चाललंय, सासूबाईंची कंबर धड आहे, ठमी भिंत धरून चालते आणि पडली की आपणच हसते. सुखात आहे गं मी. फक्त भीती वाटतेय.

तुला ठाऊक आहे, समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करतात तिथे मी बाटल्या धुते. तिथल्या आमच्या बाई फार चांगल्या. (चष्मा डोक्यावर ठेवून तोच घरभर शोधतात, पण मनाने चांगल्या.) तर बाईंना चिखलात बीळ करून राहणारी एक कोळंबी सापडलीय, आणि ती नव्या जातीची आहे. नवी म्हणजे काल जन्मलेली नव्हे. ती आपली युगानुयुगं चिखलात सुखाने राहत होती, फक्त तिच्याबद्दल कुणी लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, मग त्या हिशोबाने मीपण नवीच जात आहे. बाई इतक्या हसल्या की चष्मा बाटलीत पडला.

आता ती दिसते कशी, तर पांढुरकी, मऊ, आरपार, आतलं खाल्लेलंसुद्धा बाहेरून दिसतं. जन्मात ऊन न पाहिलेली. एक नांगी एवढीशी आणि दुसरी भलीमोठी, जणू मोठ्या भावाचा सदरा एकाच हातात घातलाय. ही मोठी नांगी नराची, आणि सगळी मदार तिच्यावर. नांगीच्या आतल्या बाजूला एक खाच आहे, ती दुसऱ्या कुठल्याच जातीत नाही म्हणे. बाई यंत्राला डोळा लावून एकेका पायाचं चित्र काढतात, केससुद्धा मोजतात, देशोदेशीची जुनी पुस्तकं काढून ताडून बघतात. (तू माझ्यासाठी स्थळं बघताना इतकी चौकशी केली नव्हतीस.) मग एक सबंध नर कायमचा बाटलीत ठेवायचा. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याने त्या बाटलीतल्याशी आपली कोळंबी जुळवून बघायची. पण स्पिरिटमध्ये घातला की रंग उडतो, म्हणून आधी जिवंतपणी फोटो काढायचा असतो. आणि सबंध नर मिळालाय एकच. बाकीचे हातात येईपर्यंत लुळेपांगळे, कारण हा जीव घाबरला की नांगी अंगापासून तोडून टाकतो आणि पळतो. माणसं नांगी टाकतात ती म्हणण्यापुरती, हा खरीच टाकतो.

नावाचाही घोळ झाला, तो सांगते. बाई म्हणाल्या, तुझ्या मुलीचं नाव देऊ का हिला? मी म्हटलं, नको हो, गाळात तोंड खुपसून बसणाऱ्याला माझ्या पोरीचं नाव कशाला. घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी कान टवकारले. पुस्तकात नाव छापणार, जगात सगळीकडे जाणार, हे कळल्यावर म्हणाल्या, माझं दिलं तरी चालेल. दोन दिवस माझ्याशी इतक्या गोड वागल्या की मला धडकी भरली. मग मी बाईंनी काढलेलं चित्र दाखवलं. एक हात भलामोठा, आणि तोंड सदा चिखलात. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या आईचं दे.

तर शुक्रवारी असं झालं की आमच्या इमारतीत झुरळांवर औषध मारायचं ठरलं. कुलूप थेट सोमवारी उघडणार. औषधाच्या वासाने आमचा नर मरायचा, आणि बाईंना तर परगावी जायचं होतं. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, घरी गारव्याला ठेव, हात लावू नकोस, सोमवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन येते. मावशी, ठमी सोडली तर माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकलेला नाही, आणि ठमीला तर दुसरा इलाजच नाही.

मी बाटली ओट्याखाली ठेवली आणि बघत बसले. तो बिचारा त्या गुळगुळीत काचेवर सारखा उकरत होता. खाली माती नाही, वर छप्पर नाही, चहूकडून उजेड. ठमीला अंघोळीनंतर पंचा सापडेपर्यंत उघडी ठेवली तर ती जशी कावरीबावरी होते ना, अगदी तस्सा. मी ह्यांना खाडीवर पिटाळलं आणि दोन बादल्या गाळ आणि खारं पाणी आणवलं. टब भरला आणि त्याला त्यात अलगद सोडला. (हात लावला नाही. नुसता ओतला.) तो इतक्या आनंदाने आत शिरला की मला भरून आलं. मोठी नांगी तेवढी क्षणभर वर दिसली, टाटा केल्यासारखी. आणि मग माझ्या ध्यानात आलं की बिळात राहणाऱ्याला बीळ दिलं तर तो बाहेर कशाला येईल.

काल दिवसभर आम्ही त्याची मनधरणी केली. ह्यांनी टबावर टिचक्या मारल्या. सासूबाईंनी गाणं म्हटलं. शेवटी ह्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि खरोखर एक कोळंबी वर काढली. मी आनंदाने ह्यांना मिठी मारणार, तेवढ्यात दिसलं की नांगी चिमुकली आणि पोटाखाली अंडी. म्हणजे गाळाबरोबर फुकटात आलेली भलतीच कुणीतरी. तिला आता वाडग्यात ठेवलीय. सासूबाई म्हणतात, मुलगी वाईट नाही, बघा जमतंय का.

बाकी सगळं क्षेम आहे, तू काळजी करू नकोस. ठमीला आम्ही बादलीत अंघोळ घालतो, तिला तेच आवडलंय.

तुझी भाची

ता. क. काळजी करू नकोस असं लिहिलंय खरं, पण थोडी कर. उद्या सकाळी बाई येतील. गाळ उपसला तर नांगी तुटणार, नाही उपसला तर फोटो नाही. तुटक्या नांगीचा नर म्हणजे बाईंची इतक्या दिवसांची मेहनत चिखलात, आणि मी त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?

आणखी ता. क. खरं काय ते आता लिहिते. बिळातून कोळंबी सबंध काढणारा एकच माणूस मला माहीत आहे, तो आपला दादा. गळाला लावायला विकतो ना तो. त्याच्याकडे तो लांब पंप आहे. नळी गाळात खुपसायची, दांडा ओढायचा, की गाळाचा अख्खा खांब वर येतो आणि आत कोळंबी झोपल्यासारखी. पण दादा माझ्याशी बोलत नाही. मागे आला तेव्हा मी म्हटलं होतं, पंपाला वास येतो, घरात बाळ आहे, तो दाराबाहेर ठेव. तो म्हणाला, पंप बाहेर तर मीपण बाहेर, आणि चहा न घेता गेला. माझा फोन उचलत नाही. आज आठ वेळा लावला. म्हणून हे पत्र बर्फाच्या गाडीवाल्याकडे देतेय, ते दुपारी तुझ्याकडे पोचेल.

शेवटचं ता. क. हे मावशीला नाही. तिला डोळ्यांनी वाचवत नाही, म्हणजे हे तुम्ही कुणीतरी वाचून दाखवताय. तुम्ही जे कोणी असाल, तुमचे उपकार होतील, माझ्या दादाला फोन लावा. मावशीकडे नंबर आहे. म्हणावं, पंप घेऊन ये, दाराबाहेर नाही, थेट न्हाणीत आण, पोरीच्या टबात घाल. पण माझं नाव आधी घेऊ नका, तो फोन ठेवून देईल. आधी नुसतं म्हणा, एक कोळंबी अडकलीय, कुणाला सबंध निघत नाही. त्याच्याने राहवणार नाही. तो विचारेल, कुठे? मग सांगा.