तोगझानला काय कळवावे

लिहून ठेवणार राउशान बेक्तुरोवा, वय ७३, राहणार बायकोनूर, अंतराळ संस्थेत यानाशी बोलण्याच्या कामावरून निवृत्त. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. डोके ठिकाणावर आहे आणि मजकूर सर्वस्वी माझा आहे.

१. दोन खोल्यांचे घर व बँकेतील शिल्लक मुलगी तोगझान हिला.

२. नवऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट शेजारीण गाल्याला. तीन हिवाळे तो तिच्याच अंगावर आहे. परत मागू नये.

३. माजी प्रमुख व्हिक्तर सेम्योनोविच यांना माझ्या मयतीला बोलावू नये. कारण असे. माणूस पृथ्वीपासून किती दूर जाऊ शकेल हे पाहण्यासाठी संस्थेने सहा जणांना पाचशे दिवस जमिनीवरच्याच एका बंद यानात ठेवले. त्यांत माझा नवरा ओराल होता. बाहेरून बोलणारी मी. यान जसे 'दूर' जाई, तसा आमचा शब्द मुद्दाम उशिरा पोचवत. एकशे चाळिसाव्या दिवशी सासूबाई वारल्या.

प्रमुख म्हणाले, "सांगायचं नाही. खऱ्या प्रवासातून तो काय उडी मारून परत येणार आहे?"

त्याच आठवड्यात ओरालने विचारले, "राउश, आई कशी आहे गं? गुडघे दुखतात का अजून?"

"बरी आहे. तुझ्यासाठी चक्क्याचे गोळे वाळत घालतेय."

बारा मिनिटांनी त्याचे हसणे ऐकू आले.

तीनशे साठ दिवस मी हेच केले. हुकूम त्यांचा, जीभ माझी. बाहेर आल्यावर तो थेट आईच्या दाराशी गेला. पुढे बावीस वर्षे आम्ही एकत्र जेवलो, पण माझ्याकडून कळलेली प्रत्येक गोष्ट तो दुसऱ्या कोणाला तरी विचारून घेई. अहवालात लिहिले होते: मनोबल उत्तम, माणूस याहून दूर जाऊ शकेल.

४. तोगझान आज खऱ्या यानात आहे, आजवर कोणी गेले नाही इतकी दूर. 'घरी मृत्यू झाल्यास कळवावे काय?' या प्रश्नापुढे तिने 'नको' लिहिले. मी भांडले.

ती म्हणाली, "आई, तिथं रडायला कोपरासुद्धा नाही. परत आले की रडेन."

तिचा शब्द मोडू नये. आपणहून कोणी काही सांगू नये. माझे जुने निरोप मात्र नवे म्हणून ऐकवू नयेत. आणि तिने माझी चौकशी केलीच, तर खरे सांगावे, आणि तिचे उत्तर येईपर्यंत कोणी जागेवरून उठू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.
राउशान बेक्तुरोवा

आमच्यासमक्ष सही झाली:
उल्मेकेन सादिकोवा, परिचारिका
बोलात येसिमोव, संदेशकक्ष

बायकोनूर, ९ मार्च २०४४