वारेनिकीची मुरड

आई, तू गेल्यापासून मी करंजीला हात लावला नव्हता. आठवणीने गळा दाटतो वगैरे काही नाही. इथल्या भारतीय दुकानात दिवाळीला तयार मिळतात, आणि दुसऱ्याच्या करंजीला नावं ठेवायचं सुख वर फुकट मिळतं. ते सुख मी तुझ्याकडूनच उचललं.

पण गेलं वर्षभर दर शनिवारी मी पाऱ्या लाटायचे. करंजीच्या नव्हे, वारेनिकीच्या. इथे नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला, माझ्या शेजारच्या घरात एक युक्रेनी बाई राहायची. साठीची, तिकडे शाळेत गणित शिकवलेली. युद्ध सुरू झालं तशी एकटीच आली. तिची म्हातारी आई गाव सोडायला तयार होईना. वारेनिकी म्हणजे त्यांच्या करंज्याच म्हण, पण मिठाच्या पाण्यात उकळलेल्या. आत बटाटा नाहीतर आंबट चेरी, बटाट्याच्यांवर लोणी आणि परतलेला कांदा. पहिल्यांदा खाल्ल्या तेव्हा वाटलं, या लोकांनी मोदकाचं बटाटेवड्याशी लग्न लावून दिलंय, आणि नांदतायत की दोघं!

आम्ही बोलायचो डचमध्ये. दोघींचं डच इतकं दिव्य, की भांडण होणं शक्यच नाही असा माझा समज होता. पण मी पहिली वारेनिकी भरली आणि ती ओरडली, "ब्यूरव्राउ! पोट बघ तिचं! पाण्यात बाळंत होईल!" ब्यूरव्राउ म्हणजे शेजारीण. मला स्टोव्हसमोरची तू दिसलीस. "सारण भरतेयस की पोतं शिवतेयस?" म्हणतेस आणि माझ्या हातातली करंजी काढून घेतेस. तेवढ्यात त्या बाईने माझी वारेनिकी घेतली, थोडं सारण काढलं, कड दाबली आणि अंगठ्याने दुमडत दुमडत शेवटापर्यंत नेली. वेणी घातल्यासारखी. मी बघतच राहिले. ती तुझी मुरड होती.

गौरी निघाल्या की तू मुरडीचे कानवले करायचीस. माहेरवाशीण निघाली की तिच्या डब्यातही मुरडीचंच काहीतरी. म्हणजे जाणारी परत येते. या समजुतीवर मी एक अख्खा लेख पाडला होता, चांगला खवचट. तू चष्मा लावून तो पूर्ण वाचलास आणि म्हणालीस, "छान लिहिलंयस. आता कणीक मळ."

आणि मी निघाले तेव्हा? लग्न मोडून तुझ्याकडे येऊन राहिले होते. जिन्यात भेटेल तो "आता पुढे काय?" विचारायचा, आणि उत्तर तू द्यायचीस. इथली नोकरी मिळाली तशी तू डबाभर करंज्या केल्यास. विमानात डबा उघडला. सगळ्यांच्या कडा कातण्याने कापलेल्या. एकीलाही मुरड नाही. पोहोचल्यावर फोनवर विचारलं, "घाईत होतीस का गं?" तू म्हणालीस, "बोटं दुखत होती." मी ते मनात धरलं. कामवालीला दिवाळीला देतानाही मुरड घालणारी बाई, पोटच्या मुलीच्या वेळी हिची बोटं दुखतात! ब्याद टळली असं वाटलं असणार. पुढे तू गेलीस, आणि विचारायचं राहिलंच.

गेल्या महिन्यात शेजारणीची आई घरात घसरून पडली. खुबा मोडला. ही जायला निघाली.

"तिथे अजून हल्ले होतायत," मी म्हटलं.

"हो. आणि आई एकटी आहे."

"परत कधी येशील?"

पीठ झटकत ती माझ्याकडे बघत राहिली, वर्गातल्या ढ पोरीकडे बघावं तशी. "परत कशाला? घर राहिलं तर मी तिथेच राहीन. मी परत आले, तर समज, तिकडे काही उरलं नाही."

एका परक्या ओट्यापाशी, हाताला कणीक लागलेली असताना मला कळलं, की त्या दिवशी तुझी बोटं दुखत नव्हती. मी परत आले असते, तर त्या जिन्यात आले असते.

तिच्या प्रवासासाठी मी करंज्या करायला घेतल्या. तुझं कातणं नाही, म्हणून पिझ्झा कापायचं चक्र हाताशी ठेवलं. ठरवलं होतं, तुझ्यासारखंच करायचं. पहिली कापली. दुसरी हातात घेतली, आणि डोळ्यांसमोर शनिवार आले. तिचं घर उभं राहो, तिची आई चालती होवो, असं मी म्हणत होते, अगदी मनापासून म्हणत होते, आणि अंगठा कड दुमडत चालला होता. सबंध डबाभर.

हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. पोहोचणार नाही, म्हणूनच लिहितेय.

बस सुटायच्या आधी तिने झाकण उघडून पाहिलं आणि हसली. "बघ, शिकलीस की!" म्हणाली. आमच्याकडे ती मुरड कशासाठी घालतात, ते मी तिला सांगितलं नाही.