झे. बदली

खडकी, पुणे
१७ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. शालनला दादाचे अ. आ. व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं वरणगावचं लोणचं पोचलं. मीठ तू नेहमीप्रमाणे दोनदा टाकलंस, तरी तुझी आम्रपाली बोटं चाटून खाते. पोरगी माझ्याकडे खुशाल आहे. कॉलेजातल्या मुलाखती सप्टेंबरातच झाल्या, पण त्या कॉम्प्युटर कंपनीचं पत्र अजून नाही. रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसते.

पण लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणाने. शेजारच्या शमशुद्दीनभाईंचा तालिब तुला माहीत आहेच. रविवारी जिमखान्यावर त्याच्या संघाची मॅच होती. राज्याच्या संघाची निवड समिती बघायला आलेली, आणि मी नेहमीसारखा स्कोअरर. सकाळी तालिबने जिमखान्याच्या सेक्रेटरीसाहेबांच्या पोराला, अनिरुद्धला, पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत केलं. दुपारी तालिब पॅव्हेलियनमध्ये पॅड बांधत बसला होता. हा अनिरुद्ध क्षेत्ररक्षण सोडून आत गेला आणि बॅटने त्याचा उजवा हात ठेचला. तीन बोटं मोडली गं! डॉक्टर म्हणतात, बॉलिंग विसरा.

अनिरुद्ध म्हणतो, मी मैदान सोडलंच नाही. त्याचे मित्र मान डोलावतात. चौकीवर हवालदार म्हणाला, खेळात लागतंच, जिमखान्याच्या चौकशीचा निकाल आणा, मग बघू. आता उरलं माझं स्कोअरबुक. मी मराठीत लिहितो म्हणून ही मंडळी हसतात, पण त्यात टीप आहे: अनिरुद्ध बाहेर ३.१० ते ३.३५, बदली खेळाडू आत. सत्तावीस वर्षांत माझ्या पुस्तकात खाडाखोड नाही.

काल सेक्रेटरीसाहेबांनी मला चहा पाजला. आजवर पाण्याला विचारलं नव्हतं. म्हणाले, पुस्तक मळलंय, तेवढी टीप वगळून फेअर कॉपी करा. मग सहज म्हणाल्यासारखं, तुमची भाची आमच्याच कंपनीच्या यादीत आहे ना? काय करू ते कळव.

घरच्यांना जयभीम. भावाला अंतर देऊ नकोस.
तुझा दादा

वरणगाव
२२ नोव्हेंबर

ती. दादास शालनचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं. आम्रपालीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा तालिबच्या आईने, अमिनाबीनेच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. विसरले नाही. तालिबला मी मांडीवर खेळवलंय.

तरी लिहिते, आणि लिहिताना लाज वाटते. कॉपी करून दे, दादा. तुझ्या टिपेने त्याची बोटं जुळणार आहेत का? ती मोठी माणसं उद्या दुसरा स्कोअरर बसवतील, त्यांच्या पोराच्या केसालाही धक्का लागायचा नाही. सुक्याबरोबर आपलं ओलं कशाला जाळायचं? आमचे हे दोन वर्षांत रिटायर होतील. आपल्या घराण्यात कोण बाई कधी टेबल-खुर्चीच्या नोकरीला लागली, सांग मला.

आम्रपालीला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. ती तुझ्यावर गेली आहे, हट्टी मेली. माझा राग आला तर येऊ दे, माया पातळ करू नकोस.
तुझी शालू

खडकी
५ डिसेंबर

शालू, अ. आ. आज जयभीम लिहायला हात धजावत नाही.

कॉपी केली. टीप गाळली. जुनं पुस्तक साहेबांनी नेलं. शुक्रवारी चौकशी झाली. अनिरुद्धला बसायला खुर्ची, शमशुद्दीनभाई तासभर उभे. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी पुस्तक वरवर चाळलं आणि म्हणाले, मुलगा मैदानावरच होता, विषय संपला.

तेव्हा शमशुद्दीनभाईंनी पुस्तक मागून घेतलं. ते कामाला आहेत त्या फॅक्टरीच्या मॅचेसचा स्कोअर तेही लिहितात. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं, झे. बदली. मग मला विचारलं, धोंडिबाभाऊ, अकराच्या अकरा मैदानावर होते, तर झेल घेणारा हा बदली कुणाच्या जागी आला?

अगं, अनिरुद्ध पॅव्हेलियनमध्ये असताना त्या बदली पोराने एक झेल घेतला होता. मी टीप गाळली, पण डाव उतरवताना हात आपला सवयीने घडलं तेच लिहीत गेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक शब्द खरा बोललो असतो तर तालिबचं काम झालं असतं. मी म्हणालो, लिहिताना चूक झाली साहेब, वय झालं माझं. लोक हसले. अध्यक्षांनी माझ्याच पेनने माझ्याकडून तो शब्द खोडून घेतला. शमशुद्दीनभाई एवढंच म्हणाले, ठीक आहे भाऊ.

अनिरुद्ध राज्याच्या संघात गेला, पेपरात फोटो आलाय. आणि काल आम्रपालीचं नोकरीचं पत्र आलं. उद्या सहा डिसेंबर. दरवर्षी दादरला जातो, उद्या कोणत्या तोंडाने जाऊ? मला माझीच किळस येते, शालू.

तू तरी मला जवळचा मान.
दादा

वरणगाव
१९ डिसेंबर

ती. मामांस आम्रपालीचा सादर जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना शेजारी पेढे दिले. अमिनाचाचींनी एक तालिबच्या डाव्या हातावर ठेवला. त्याने खाल्ला नाही, नुसता धरून बसला. चाचा तुमच्याशी बोलत नाहीत असं कानावर आलं होतं. मी चाचींना ठणकावून सांगितलं, जगाचं माहीत नाही, पण माझे मामा खोटं लिहायचे नाहीत. चाचींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

एक गंमत सांगते. कंपनीत कागद द्यायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी माझी फाइल काढली. मामा, माझी निवड चार ऑक्टोबरलाच झाली होती! लेखी परीक्षेत तिसरी आले होते मी. सह्यासुद्धा झाल्या होत्या, पत्रं तेवढी पाठवायची राहिली होती. आपण उगीच दोन महिने जीव टांगणीला लावला.

काल जेवताना हे आईला सांगितलं. तिने तारीख तीनदा विचारली. मग ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन रडायला लागली. बाबा म्हणतात, आनंदाने रडते आहे. मला नाही तसं वाटत. आनंदात कुणी भिंतीवर डोकं आपटून घेत नाही. काही विचारलं की एकच म्हणते, मामाला विचार.

म्हणून विचारते, मामा. काय झालंय? उलट टपाली लिहा. तुम्ही लिहाल ते मी खरं मानीन.
तुमची लाडकी
आम्रपाली