जॉंगानपर्यंत पुरेल असा टॅबलेट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या ग्यूचॉलचा गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार. (खरोखर लावलं. खाली सोदामच्या तांदळाच्या बिस्किटांचा चुरा पडला होता, तो कपाळाला चिकटला, म्हणजे नमस्कार पोचला असं समज.) इकडे आम्ही तिघं बरे आहोत. आईचे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? आणि तुझा राग? खरं तर ही चौकशी सगळ्यात आधी करायला हवी होती, पण धीर झाला नाही. दर थंडीत तुझ्याकडून युजा-लिंबांच्या मुरांब्याची बरणी येते. यंदा आली नाही. ह्येरान रोज खाली टपालाच्या पेटीपर्यंत जाऊन येते आणि वर आल्यावर माझ्याकडे बघते.

तर पत्रास कारण की, नवीन वर्षाच्या सणाला आम्ही येतोय. पुनवेच्या सणाला निम्म्या वाटेतून परत फिरलो तसं या वेळी होणार नाही. तेव्हा फोनवर मी सांगितलं की सोदाम रडून रडून बेजार झाली, ओकली, सहा वर्षांच्या पोरीचे असे हाल बघवेनात. त्यावर तू म्हणालीस, "आपण नव्हतो का रे रडत मागच्या सीटवर? तेरा-तेरा तास? बाबांनी कधी गाडी फिरवली?" आणि फोन ठेवलास. बाबा जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. त्यांच्यासाठी मांडलेलं ते पहिलं सणाचं ताट. दारूचा पहिला पेला घरातल्या एकुलत्या मुलानं ओतायचा, आणि तो मुलगा हमरस्त्यावरून माघारी फिरत होता. शेवटी पेला दाजींनी ओतला आणि आईनं उकडीच्या करंज्या शेजाऱ्यांत वाटल्या, हे मला मागाहून कळलं. तेव्हापासून तू बोलली नाहीस ते बरोबरच केलंस. मीही माझ्याशी बोललो नसतो.

म्हणून यंदा महिनाभर आधीच कामाला लागलो. पोर रडायला नको असेल तर पोरीपुढे काहीतरी हलतं-बोलतं हवं, म्हणजे टॅबलेट हवा, असा मी शोध लावला. ह्येरान म्हणाली, "सोदामसाठी?" मी म्हटलं, "मग काय माझ्यासाठी?" ती म्हणाली, "नाही, आपलं विचारलं." (तुझी भावजय आपलं विचारते तेव्हा मला घाम फुटतो, हे तुला माहीतच आहे.) आधी बाजारात गेलो. दुकानदारानं बजेट विचारलं, मी सांगितलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं. "शेठ, एवढ्यात टॅबलेटचं कव्हर येईल. चांगलं कव्हर आहे, गुलाबी," असं म्हणून त्यानं ते काढूनही दाखवलं. मग पडदा किती इंचांचा, बॅटरी किती तासांची, पडला तर फुटेल का, पोरीनं चाटला तर चालेल का, असं मी तासभर विचारत राहिलो आणि शेवटी कव्हर घेऊन घरी आलो. टॅबलेट नव्हता, पण सुरुवात झाली होती.

मग मोबाइलवरचा शेजारपाजारचा जुना बाजार उघडला. तुमच्याकडे कितपत चालतो माहीत नाही. इथे माणसं घरातलं नको झालेलं सगळं त्यावर विकतात आणि व्यवहार झाला की समोरच्याच्या सभ्यतेला गुण देतात, तेही तापमानासारखे अंशांत. माझी सभ्यता छत्तीस अंश, म्हणजे जेमतेम जिवंत माणसाइतकी. एका मावशींनी नातवाचा टॅबलेट काढला होता, चाळीस हजार वॉनला. नातू मोठा झाला, आता बघतही नाही म्हणाल्या. आमच्या इमारतीच्या फाटकाशी भेटायचं ठरलं. गडबडीत मी घरातल्या चपला घालून पोचलो, तेही सात मिनिटं उशिरा. त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग विचारलं, "पोरगी केवढी?"

"सहा वर्षांची. गावाला जायचंय, कोहंगला. गाडीत फार रडते हो."

"गाडीत मूल रडतं ते भुकेनं नाहीतर झोपेनं. दोन्ही नसलं तर मग बापाकडे बघावं," मावशी म्हणाल्या. टॅबलेट हातात दिला, सोबत उकडलेली दोन रताळी दिली आणि घरी जाऊन मला साडेपस्तीस अंशांवर आणलं. रताळी मात्र फार गोड होती.

टॅबलेट चालू केला. चांगला उजेड पडला, गाणं वाजलं, चष्मा लावलेला एक बिबट्या आला आणि म्हणाला, "या, अभ्यासाला बसू या!" ताई, तो घरी बसून अभ्यास करायचा शिकवणीवाल्यांचा टॅबलेट निघाला. त्यात दुसरं काहीच उघडत नाही. दहा गणितं बरोबर आली की बिबट्या पाच मिनिटं कार्टून दाखवतो, मग परत दहा गणितं. एक चुकलं की मान हलवतो आणि पहिल्यापासून. शेजारच्या कॉलेजातल्या पोराला दाखवला, त्यानं अर्धा तास उलटापालटा केला आणि हात टेकले. सोदामला अजून दोन आकडी बेरीज येत नाही. म्हणजे गणितं कोणी करायची? गाडी चालवायचं काम ह्येरानवर आलं आणि गणिताचं माझ्यावर. हिशेब मांडून पाहिला (बिबट्याची संगत, दुसरं काय), तर जॉंगानच्या थांब्यापर्यंत दोनशे गणितं होतात आणि तुमच्या दारापर्यंत पाचशेवर. म्हणून रोज कामावरून आलो की सरावाला बसतो. काल दुसरी पास झालो. बिबट्यानं टाळ्या वाजवल्या तेव्हा, हसू नकोस, मला बरं वाटलं. बाबा गेल्यापासून मला शाबास असं कोणी म्हटलंच नव्हतं.

गेल्या रविवारी रंगीत तालीम केली. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तिघंही तासभर गाडीत बसलो. पुढच्या सीटच्या पाठीला टॅबलेट बांधला, सोदाम मागे, मी तिच्या शेजारी गणितं करत, ह्येरान पुढे स्टिअरिंगवर हात ठेवून. वीस मिनिटांनी पहारेकरी काकांनी काच वाजवली.

"वहिनी, घरी काही झालंय का? घरमालकानं बाहेर काढलं का तुम्हाला?"

"नाही हो काका. आम्ही गावाला चाललोय."

"पण गाडी तर हलत नाहीये!"

"सणाच्या दिवशी तरी कुठे हलते? त्याचाच सराव चाललाय."

काकांना ते पटलं. म्हणाले, त्यांचं गाव आणखी पुढे आहे, आणि तेही दोन वर्षं गेलेले नाहीत. तेवढं बोलून ते उगाचच आमच्या टायरची हवा बघून गेले. मी शेजारी पाहिलं तर सोदाम झोपलेली. गाडीत बसल्यावर सातव्या मिनिटालाच झोपली होती म्हणे. ह्येरान आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "पोरगी झोपली. आता ही गणितं कोणासाठी?" मी तेव्हा सत्तेचाळीस अधिक छत्तीसमध्ये होतो.

एकूण काय, तयारी झाली आहे. सणाच्या आदल्या दिवशी पहाटेच निघू. आईला घाईनं पीठ भिजवायला लावू नकोस, तिचे हात दुखतात. सोदाम मोठा नमस्कार शिकते आहे. कपाळ टेकते, पण उठताना कोलांटी मारते. बाबांना ते आवडलं असतं.

तुझा धाकटा,
ग्यूचॉल

ता. क. टॅबलेटची बॅटरी तीन तासही टिकत नाही. दाजींकडे गाडीत लावायचा चार्जर असेल तर असू दे. आणायची घाई नाही. असंही तो तुमच्याकडे आणि आम्ही रस्त्यात.

ता. क. २. ह्येरान म्हणते, हे लिहिल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही. पुनवेच्या सणाला सोदाम रडली नव्हती. ओकलीही नव्हती. घरापासून जॉंगानपर्यंत ती गाढ झोपलेली होती. जॉंगानला मी अक्रोडाचे केक घ्यायला उतरलो. तुला आठवतं ना, बाबा दरवेळी तिथं थांबून गरम केकची पिशवी मागे द्यायचे आणि म्हणायचे, "चला, अर्धी वाट संपली"? अर्धी कधीच नसायची. आपण दोघं दरवेळी विश्वास ठेवायचो. त्या दिवशी मी सवयीनं दोन पिशव्या मागितल्या, एक आपली, एक त्यांची. पैसे देऊन झाल्यावर लक्षात आलं. गाडीत येऊन बसलो आणि मला पुढे जाताच येईना. ताटासमोर उभं राहून त्यांच्या पेल्यात दारू ओतायची म्हणजे ते गेले हे कबूल करायचं. मी स्टिअरिंग ह्येरानच्या हाती दिलं आणि म्हटलं, पुढच्या फाट्यावरून वळव. रडत मी होतो, ताई. नाव मी पोरीचं सांगितलं.

ता. क. ३. म्हणून एकच मागतो. मुरांबा पाठव किंवा नको पाठवूस. जॉंगानला पोचलो की मी तुला फोन करीन. मला रागव, शिव्या दे, पण ठेवण्याआधी एकदा म्हण, "चल, अर्धी वाट संपली." नसली तरी म्हण.